पोलीस ठाण्याच्या साधनांसाठी शासकीय निधी: प्रस्ताव कुणाकडे आणि कसा करायचा?

बांधावरचा_बाभूळ (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. एका कामात अडकलोय, म्हणून हा धागा.

आमचं तालुक्याचं गाव. गेल्या पावसाळ्यात बाजारपेठेत एकाच रात्री चार दुकानं फुटली. त्यानंतर शांतता समितीची बैठक झाली. पीआय साहेब माणूस सरळ. म्हणाले, "रात्रगस्तीला माझ्याकडे दोन गाड्या. त्यातली एक उतारावर लावावी लागते, म्हणजे सकाळी सुरू होते." व्यापारी म्हणाले वर्गणी काढू, कॅमेरे बसवू. मी म्हटलं, वर्गणी कशाला, शासनाकडे मागू ना. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी निवृत्त शिक्षक, अक्षर बरं आहे, आणि दुपारी मोकळा असतो. गळ्यात पडलं.

अर्जाचा कच्चा मसुदा केलाय. मागणी अशी: बाजारपेठ आणि चौकांसाठी २४ सीसीटीव्ही कॅमेरे, एक नवी गाडी, दारू पिऊन चालवणाऱ्यांसाठी दोन ब्रेथ अ‍ॅनालायझर आणि एक ड्रोन. अर्ज मा. गृहमंत्री यांच्या नावे. प्रत मुख्यमंत्री, पालकमंत्री, आमदार, खासदार. बरोबर आहे का? कुणी केलंय का असं काही?

टेबल_नं_चार

गुरुजी, रागावू नका, पण हा अर्ज पाठवू नका.

मी २८ वर्षं एका जिल्ह्याच्या एसपी ऑफिसात कारकुनी केली, त्यातली अकरा लेखा शाखेत. तुमचा अर्ज मंत्रालयात जाईल, तिथून महासंचालक कार्यालयात, तिथून एसपींकडे आणि तिथून "आपल्या स्तरावर उचित कार्यवाही करावी" असा शेरा घेऊन परत तुमच्याच ठाण्यात येईल. तोवर तुमचे पीआय बदलून गेलेले असतील. ज्याच्या टेबलावर पैसा नाही त्याच्याकडे मागायचं नाही, हा पहिला धडा.

पैसा कुठून येतो ते आधी समजून घ्या. पोलीस हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीचा विषय, म्हणजे पगारापासून पेट्रोलपर्यंत मूळ जबाबदारी राज्याची. केंद्र त्याला वरून हातभार लावतं. पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाची केंद्राची योजना १९६९-७० पासून चालू आहे. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी त्यातल्या राज्य पोलिसांच्या भागाला केंद्राने ४,८४६ कोटी ठेवले होते, अख्ख्या देशासाठी. महाराष्ट्राला त्यात केंद्र ६० आणि राज्य ४० अशी विभागणी. पण या योजनेत गाव किंवा ठाणं थेट अर्ज करू शकत नाही. राज्य आपला कृती आराखडा करतं, मुख्य सचिवांच्या समितीपुढे तो जातो, मग दिल्लीला. तुमच्या चार दुकानांचा आवाज तिथवर पोचत नाही.

तुमच्या कामाचं दार जिल्ह्यातच आहे. जिल्हा नियोजन समिती, बोलीभाषेत डीपीडीसी. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. जिल्हा वार्षिक योजनेत पोलीस आणि तुरुंग विभागाच्या कामांसाठी ३ टक्क्यांपर्यंत निधी ठेवता येतो. गाड्या, कॅमेरे, ठाण्याच्या इमारतीची किरकोळ कामं, हे सगळं बऱ्याच जिल्ह्यांत यातूनच झालंय.

आणि प्रस्ताव तुमचा नसतो, एसपींचा असतो. तुम्ही निवेदन द्या, मागणीचं कारण द्या, आकडे गोळा करून द्या. पण कागद ठाण्यातून उपविभागीय अधिकाऱ्यांमार्फत एसपींकडे आणि एसपींच्या सहीने नियोजन अधिकाऱ्यांकडे गेला पाहिजे. पीआय साहेबांना सांगा, मसुदा मी लिहून देतो, जावक क्रमांक तुमचा.

चौकात_उभा

टेबल काका भारी! वाचनखूण साठवली.

खाकी_घरातली

माझे मिस्टर हवालदार आहेत, म्हणून दोन शब्द. कॅमेरे, ड्रोन सगळं ठीक. पण ब्रेथ अ‍ॅनालायझर मागताय तर नळ्या मागा. यंत्र कपाटात असतं, तोंडात धरायची प्लॅस्टिकची नळी संपलेली असते. एका माणसाला एक नळी, परत वापरता येत नाही. आमच्याकडे ३१ डिसेंबरच्या बंदोबस्ताला दोन यंत्रं आणि नळ्या अकरा. बाराव्याला काय करायचं? मग वास घ्यायचा आणि दवाखान्यात न्यायचं. छपाईचा कागदी रोलही तसाच.

आणि गस्तीच्या टॉर्चचं कुणी बोलतच नाही. आमच्या घरातली टॉर्च आम्ही स्वतः घेतलेली आहे. रेनकोटसुद्धा.

काळाकोट_पांढरीपट्टी

वरच्या ताईंच्या मुद्द्याला जोडून. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल अशी आहे. यंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे ते बरोबर मोजतंय याची तपासणी, वेळच्या वेळी झालं नसेल, तर मी आरोपीच्या बाजूने उभा राहिल्यावर पहिला प्रश्न तोच विचारतो. "हे यंत्र शेवटचं कधी तपासलं? दाखला आहे?" तपासी अंमलदार न्यायाधीशांकडे बघतो आणि मला माझं उत्तर मिळतं. तेव्हा यंत्रासोबत वर्षाचं कॅलिब्रेशन मागणीतच धरा.

वायरमन_००७

मी सीसीटीव्हीची कामं करतो, सरकारी पण केलीत. सर, २४ कॅमेरे हा आकडा कुठून आला?

बांधावरचा_बाभूळ

बैठकीत व्यापाऱ्यांनी आपापला चौक सांगितला. बेरीज चोवीस झाली.

वायरमन_००७

वाटलंच. असं करू नका. ठाण्याच्या हवालदाराला बरोबर घ्या आणि गावातून एक फेरी मारा. गावाबाहेर पडायचे रस्ते किती? प्रत्येक रस्त्यावर गाडीचा नंबर वाचणारा एक आणि रुंद चित्र दाखवणारा एक, एवढंच आधी. चोर चौकात थांबून तोंड दाखवत नाही, पण बाहेर पडताना रस्ता त्यालाही लागतोच. नंबर वाचायचा कॅमेरा वेगळा असतो, रात्री हेडलाईट अंगावर आला तरी त्याला पाटी दिसली पाहिजे. साधा डोम (घुमटासारखा कॅमेरा) लावला की पाटीच्या जागी पांढरा गोळा दिसतो. तो मी पोलिसांना अनेक वेळा दाखवलाय, दर वेळी तेच तोंड.

आता साठवणीचा हिशोब. एक कॅमेरा दोन मेगाबिटने चोवीस तास रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला साधारण २१-२२ जीबी. तीस दिवसांचं ६५० जीबी. चोवीस कॅमेऱ्यांचं तीस दिवसांचं साडेपंधरा टीबी. अंदाजपत्रकात लोक "हार्ड डिस्क १ नग" लिहितात. मग आठ दिवसांपूर्वीचं फुटेज मागितलं की पुसलेलं असतं.

अजून एक. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारमान्य प्रयोगशाळेची सुरक्षा चाचणी सक्तीची झाली. त्याआधी घेतलेलं जुनं दरपत्रक जोडाल तर त्यातलं मॉडेल आता विकता येतंय का ते बघून घ्या.

उलटतपासणी

धागाकर्त्यांचा हेतू चांगला आहे, तरी विचारतो. तुम्ही गावावर चोवीस डोळे लावायला निघालात. ठाण्याच्या आतला डोळा चालू आहे का?

परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० ला आदेश दिला आहे. प्रत्येक ठाण्यात आत-बाहेर जायच्या वाटा, मुख्य फाटक, सगळे लॉकअप, व्हरांडे, लॉबी, इथे कॅमेरे हवेत, आवाजासकट आणि रात्री दिसणारे. रेकॉर्डिंग १८ महिने ठेवायचं, तशी साधनं बाजारात नसतील तर निदान एक वर्ष. कॅमेरे चालू ठेवायची जबाबदारी ठाण्याच्या प्रभारीची. जनतेच्या पैशातून जनतेवर नजर ठेवायला सगळे पुढे येतात. लॉकअपसमोरच्या कॅमेऱ्यासाठी शांतता समितीने निवेदन दिल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

आणि वर्गणीच्या कॅमेऱ्यांबद्दल: ज्याच्या पैशाचा खांब, त्याच्याच दुकानासमोर. तुमचा चोवीसचा आकडा तसाच आलाय.

चौकात_उभा

झालं सुरू. चोराचे हक्क, पोलिसांची चूक. गावातली चोरी थांबवायची की नाही?

उलटतपासणी

मी थांबवू नका म्हणालो कुठे? आतला बघा म्हणालो.

काळाकोट_पांढरीपट्टी

उलटतपासणींशी सहमत, वेगळ्या कारणाने. फुटेज न्यायालयात टिकायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यूसुद्धा, म्हणजे फाईलमध्ये फेरफार झाला नाही हे दाखवणारा आकडा. माझ्या एका खटल्यात डीव्हीआरचं (रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्राचं) घड्याळ ४७ मिनिटं मागे होतं. आरोपी कॅमेऱ्यात होता, पण ज्या वेळेला दिसला त्या वेळी गुन्हा व्हायचा होता. मी फक्त घड्याळ दाखवलं. यंत्र होतं, पैसे खर्च झाले होते, घड्याळ लावायला माणूस नव्हता.

आणि ड्रोनच्या आधी हे बघा: १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने करावं लागतं. अंमलदार स्वतःच्या खिशातल्या मोबाईलवर ते करतात. ठाण्याच्या नावावर चार चांगले फोन मागितले तर तपासाला खरा उपयोग होईल. पण त्यांचा फोटो वर्तमानपत्रात येत नाही, ड्रोनचा येतो.

बांधावरचा_बाभूळ

आज ठाण्यात गेलो होतो. उलटतपासणींच्या बोलण्याने रात्रभर टोचत होतं. पीआय साहेबांना म्हटलं, आतले कॅमेरे बघू का. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, मग ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे नेलं. पडद्यावर सोळा चौकोन. पाच काळे. एकावर पाल बसली होती, तो धरला तर चालू अकरा. लॉकअपसमोरचा काळ्यांपैकी.

साहेब म्हणाले, "गुरुजी, मी तीन पत्रं लिहिलीत. देखभालीचा करार संपलाय." तिन्ही पत्रांच्या प्रती दाखवल्या. खोटं बोलत नव्हते.

चोवीसचा मसुदा फाडला. आता नव्याने लिहायचाय. टेबल नं. चार, तुम्ही सांगा, काय काय जोडायचं?

टेबल_नं_चार

ती तीन पत्रं सोनं आहेत. पहिली जोडपत्रं तीच.

मी लेखा शाखेत असताना बारा गाड्यांचा प्रस्ताव वर गेला होता. छान बांधणी, रंगीत फोटो, गुन्ह्यांचा तक्ता. परत आला तेव्हा समासात पेन्सिलने दोनच शब्द: "चालक कोण?" मंजूर चालकांची पदं होती आठ, त्यातली दोन रिक्त. बारा गाड्या घेऊन करणार काय? तेव्हापासून मी प्रस्ताव शेवटच्या पानावरून वाचतो. देखभाल कुणाची, वीजबिल कुणाचं, इंधन कुठल्या तरतुदीतून, चालवणारा कोण. हे पान कोरं असेल तर पुढची पंधरा पानं वाचायची गरज नाही. नियोजन अधिकारीही तसाच वाचतो, फक्त बोलत नाही.

गाडीचं वेगळं काढा. नवी गाडी "वाढीव" म्हणून मागितली तर अडते, जुनीच्या बदली म्हणून मागितली तर चालते. ती उतारावरची गाडी किती सालची? पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालत नाही. तशी असेल तर निर्लेखनाचा, म्हणजे ती मोडीत काढायचा, प्रस्ताव आधी गेला पाहिजे. ती जडवस्तू नोंदवहीतून उतरेल तेव्हा जागा रिकामी होईल. लॉगबुकची शेवटच्या सहा महिन्यांची पानं झेरॉक्स करा. दुरुस्तीला किती दिवस उभी होती ते त्यात लिहिलेलं असतं. त्याहून चांगलं समर्थन तुम्ही आणि मी लिहू शकत नाही.

कॅमेऱ्यांसाठी खांबांच्या जागेचा दाखला हवा. रस्ता बांधकाम विभागाचा की नगरपंचायतीचा, ते आधी बघा. महावितरणच्या खांबावर लटकवू नका, एक दिवस येऊन काढून टाकतील आणि ते बरोबर असेल. मग "हे काम अन्य कोणत्याही योजनेतून मंजूर नाही" हा दाखला. तो नसला की लेखापरीक्षणात सगळे अडकतात. तुमच्याकडे आमदारसाहेबांनी स्थानिक विकास निधीतून कॅमेरे जाहीर केलेत का, विचारा. बॅनर लागलं म्हणजे मंजुरी झाली असं नाही, तरी विचारा.

दरपत्रकं अंदाजासाठीच. खरेदी जेमवरून (सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावरून) होईल, ठरलेल्या दुकानदाराकडून नाही. व्यापाऱ्यांपैकी कुणी "माझ्या मेहुण्याची एजन्सी आहे" म्हणालं तर चहा पाजा आणि विषय बदला.

वायरमन_००७

तांत्रिक तपशिलात कंपनीचं नाव टाकू नका. रात्री किती अंतरावरून पाटी वाचता आली पाहिजे, किती दिवसांचं रेकॉर्डिंग, वीज गेल्यावर किती तास चाललं पाहिजे, एवढं लिहा. आणि पाच वर्षांची देखभाल किमतीतच धरा. पहिलं वर्ष वॉरंटी, पुढची चार वर्षं करार. नंतर वेगळे पैसे कुणी देत नाही, तुमच्या ठाण्यातले काळे चौकोन त्याचेच.

बाकी ठाण्याच्या आत १८ महिने म्हणजे एका कॅमेऱ्याला जवळपास १२ टीबी, मी वर सांगितलेल्या वेगाने. सोळा कॅमेऱ्यांना १९० च्या आसपास. हा आकडा बघून लोकांना वाटतं मी फसवतोय. गुणाकार करून बघा.

खाकी_घरातली

केंद्राच्या महिला सुरक्षेसाठीच्या निर्भया निधीतून देशातल्या दहा हजार ठाण्यांना महिला मदत कक्षासाठी प्रत्येकी एक लाख असे पैसे ठेवलेले होते. तुमच्या ठाण्यातला कक्ष कसा आहे तेही बघून या की. आमच्याकडे पाटी आहे, टेबल आहे, पण बाईला बसून बोलायला आडोसा नाही. समोरच्या बाकावर सगळे ऐकत बसलेले. एक पार्टिशन मागा. लाकडाचं. त्याला देखभाल करार लागत नाही.

बांधावरचा_बाभूळ

ताई, बघून आलो. आमच्याकडेही नाही. घातलं मागणीत.

नवी यादी अशी झालीय: ठाण्यातले पाच बंद कॅमेरे बदलणं आणि पूर्ण साठवण. गावाबाहेरच्या चार रस्त्यांवर आठ कॅमेरे, बाजारपेठेच्या तोंडाशी तीन. जुन्या गाडीच्या बदली एक. ब्रेथ अ‍ॅनालायझर एकच, नळ्या आणि कॅलिब्रेशनसकट. चार फोन. पार्टिशन. ड्रोन काढला. एक व्यापारी नाराज झाले, त्यांच्या गल्लीत कॅमेरा येत नाही म्हणून. शांतता समितीत त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलंय, समिती मात्र शांत आहे.

कधी द्यायचा? मार्चमध्ये पैसे संपवायची घाई असते म्हणतात.

टेबल_नं_चार

दिवाळीच्या आधी एसपींच्या टेबलावर पाहिजे. पुढच्या वर्षाचा प्रारूप आराखडा साधारण त्याच सुमाराला बनतो, मग राज्यस्तरावर बैठका, मग अर्थसंकल्प. जानेवारीत दिलात तर गाडी सुटलेली असते.

पण मार्चचं तुम्ही म्हणता ते अर्धं खरं आहे. फेब्रुवारीत काही खात्यांचे पैसे खर्च होत नाहीत असं दिसायला लागतं. ३१ मार्चनंतर ते व्यपगत, म्हणजे बुडाले. मग पुनर्विनियोजन होतं, म्हणजे ते पैसे दुसऱ्या कामाकडे वळवतात, आणि नियोजन कार्यालयातून फोन येतो, "कुणाची फाईल तयार आहे?" त्या दिवशी ज्याचे दाखले, अंदाजपत्रक, समर्थन सगळं पूर्ण, त्याचं काम होतं. कागद गोळा करायला आठ दिवस मागितले की दुसऱ्याचं होतं. मी तीन वेळा असा निधी मिळवलाय आणि दोन वेळा एका दाखल्यापायी घालवलाय. घालवलेले जास्त आठवतात.

पण मार्चमध्ये पैसे आले म्हणून खोकी ठाण्यात आणून ठेवायची आणि बिल काढायचं, हे करू देऊ नका. बसवून, चालवून, मग पंचनामा.

उलटतपासणी

यादी वाचली. माझी तक्रार नाही. गावातलं फुटेज कुणी बघायचं, किती दिवसांनी पुसायचं आणि कुणी मागितलं तर नोंद कुठे करायची, एवढं एका कागदावर लिहून ठाण्यात लावा म्हणजे झालं. सर्वोच्च न्यायालयाच्या पुट्टस्वामी निकालानंतर, २०१७ पासून, खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, बाजारपेठेतल्या माणसाचासुद्धा.

बांधावरचा_बाभूळ (साडेचार महिन्यांनी)

मंडळी, धागा वर काढतोय.

दिवाळीच्या सहा दिवस आधी प्रस्ताव गेला. डिसेंबरमध्ये पीआय साहेबांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, "कसला प्रस्ताव?" माझ्याकडे जावक क्रमांकासह प्रत होती, ती दाखवली. टेबल काका, तुमचे उपकार.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एसपी ऑफिसातून फोन आला. कॅमेरे, ठाण्यातली साठवण, पार्टिशन आणि फोन यांना प्रशासकीय मान्यता मिळाली. गाडी पुढच्या वर्षीच्या यादीत, निर्लेखन अजून अडकलंय. ब्रेथ अ‍ॅनालायझर जिल्ह्यासाठी एकत्र घेणार आहेत, नळ्यांचं मी परत लेखी दिलंय.

आता एक अडचण. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांना वीज लागणार. एसपी ऑफिस म्हणतं मीटर नगरपंचायतीने घ्यावं, नगरपंचायत म्हणते कॅमेरे पोलिसांचे आहेत. ठेकेदार सोमवारी येतोय.

वायरमन_००७

तोवर शेजारच्या दुकानातून वायर घेऊ नका. तो रुसला की कॅमेरा बंद.

टेबल_नं_चार

मीटर नगरपंचायतीच्या नावावर. पथदिव्यांचं बिल भरतातच ते, त्यात अकरा कॅमेरे म्हणजे काही नाही. पण तोंडी कबुली घेऊ नका, सभेचा ठराव घ्या. "वीजबिल नगरपंचायत भरेल" एवढंच वाक्य, त्यात "शक्यतो" किंवा "निधीच्या उपलब्धतेनुसार" घुसवू देऊ नका. ठरावाची प्रत एसपी ऑफिसला द्या. सही-शिक्क्याची एक स्वतःकडे ठेवा, मुख्याधिकारीही बदलतात.

बांधावरचा_बाभूळ

सभा शुक्रवारी आहे. ठरावाचा मसुदा मीच लिहून नेतोय.